बियाण्याचें माप आणि पेठेची जबाबदारी

हस्ताचा पाऊस ओसरला कीं सोलापूर, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांत रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होते आणि तालुक्याच्या पेठांतील बियाण्यांच्या दुकानांवर गर्दी लोटते. आमचे बहुतेक वाचक औत न धरणारे. एकरीं किती बीं पडावें हा खेड्यांतला प्रश्न, त्याची उठाठेव शहरच्या पत्रानें कशास करावी, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु बीं विकणारा पेठेंतला, धान्य घेणारा पेठेंतला, आणि भाकरी खाणारा तर घरोघरचा! तेव्हां हा विषय पेठेनें समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

दाट पेरलें म्हणजे दाट पिकेल, हा समज वरकरणी बिनतोड दिसतो. पण रब्बी ज्वारीस पेरणीनंतर पावसाचा भरंवसा नसतो. काळ्या जमिनीनें पोटांत सांठविलेल्या ओलीवरच तिला कणसापर्यंत पोंचावयाचें असतें. ओल ही ठरीव पुंजी आहे. खाणारीं तोंडें वाढलीं म्हणून ती वाढत नाहीं. दाट पेरलेलें शेत महिना-दीड महिना डोळ्यांत भरतें. पुढें दाणा भरण्याच्या वेळीं ओल सरते, कणसें बारीक राहतात, दाणा चिमतो. अशाच शेतांत खडखड्या रोग फार बळावतो व उभीं ताटें कोलमडतात.

आतां हिशेब पाहा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकरीं सुमारें ६०,००० रोपें बसतात. एकरीं ४ किलो बीं पेरावें अशी शिफारस आहे. हजार दाण्यांचें वजन ३३ ग्रॅम धरलें तर या ४ किलोंत सुमारें १,२०,००० दाणे भरतात. शेंकडा ७५ उगवले तरी रोपें ९०,००० होतात. खोडमाशीनें कांहीं खाल्लीं, कांहीं विरळणींत उपटलीं, तरी पुरून उरतात. म्हणजे शिफारशींतच भरपूर सवड ठेवलेली आहे. त्यावर दुप्पट बीं ओतणारा आपल्याच पिकास उपाशी ठेवतो.

तरीहि शेतकरी चाड्यावर मूठ सैल सोडतो, तो अडाणी म्हणून नव्हे. एक तर त्याला कडबा हवा असतो. दाट पेऱ्याचीं ताटें बारीक असतात व गुरें तीं आवडीनें खातात. दुष्काळी मुलखांत कडबा म्हणजे गोठ्याचा जीव, तेव्हां या कारणास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. दुसरें कारण मात्र लज्जास्पद आहे, आणि ती लाज शेतकऱ्याची नव्हे: पिशवींतलें बीं उगवेल असा त्याला विश्वास नसतो!

वाणाची गोष्टहि अशीच. १९३० च्या दशकांत मोहोळ येथें स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ आजहि लोकांच्या जिभेवर आहे, व तो योग्यच आहे. पण प्रत्येक रानास एकच वाण कसा मानवेल? राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें उथळ जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा व खोल जमिनीस फुले वसुधा असे वाण दिले आहेत. उथळ रानांत ओल लौकर आटते. तेथें लौकर पिकणारा वाण तिच्याशीं शर्यत जिंकतो, उशिरां पिकणारा हरतो. दुकानदारानें पिशवी देण्यापूर्वीं जमीन किती खोल आहे एवढें विचारलें तरी पुष्कळ काम होईल. किती जण विचारतात?

गव्हाचा स्वभाव निराळा. तो फुटवे काढून विरळपणा पुष्कळसा भरून काढतो. ज्वारीला तें फारसें साधत नाहीं. परंतु गव्हांतहि वजनानें फसगत होते. हजार दाणे ३८ ग्रॅम भरणाऱ्या वाणाच्या ४० किलोंत साडेदहा लाख दाणे येतात. ५० ग्रॅम भरणाऱ्या टपोऱ्या वाणाच्या तितक्याच वजनांत आठच लाख. पेरा डिसेंबरांत गेला तर थंडीचे दिवस कमी मिळून फुटवे घटतात, म्हणून तेव्हां एकरीं ५० किलोपर्यंत बीं धरतात. १९६० नंतर आलेल्या बुटक्या गव्हांचा कोंबहि आंखूड. जुन्या उंच गव्हाप्रमाणें तें बीं खोल गाडलें तर तें वर येतच नाहीं, आणि दोष मात्र बियाण्यावर येतो.

१९६६ च्या बियाणे कायद्यानें अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणीचें प्रमाण छापणें बंधनकारक केलें; प्रमाणित ज्वारीस किमान शेंकडा ७५ व गव्हास ८५ अशी मर्यादा ठरली. १९८३ च्या आदेशानें विक्रेत्यास परवाना व गिऱ्हाइकास पावती आवश्यक ठरविली. कागदावर उणें कांहीं नाहीं. पण उन्हांत तापलेल्या पत्र्याखालीं वर्षभर पडलेली पिशवी छापील आंकड्याशीं इमान राखीत नाहीं, आणि पावती मागितली कीं कपाळावर आठी पडते, हा अनुभव कोणास नाहीं?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक खेपेंतले शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून दुकानांत उघड्यावर ठेवावे, चार-पांच दिवसांनीं सर्वांसमक्ष मोजावे, आणि आंकडा खडूनें फळ्यावर लिहावा. सत्तरांखालीं उतरलेली खेप परत पाठवावी. तालुक्यांतील व्यापारी मंडळांनीं हा रिवाज येत्या हस्तापूर्वींच पाडावा. खर्च एका गोणपाटाचा आहे.