वालुकाश्मात दिसणारे हिमयुग

वैभववाडीच्या परिसरात घराच्या भिंतीला लावलेला जांभा आपण पाहिला असेल. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांमुळे मूळ खडक कुजतो, विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात. या कुजण्यात फेल्डस्पार हे खनिज फार काळ तग धरत नाही. त्याची माती होते. एवढे ध्यानात ठेवून आपण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ.

तेथे वर्धा खोऱ्यात, कोळसा असलेल्या थरांच्या खाली, ‘तालचीर’ नावाचा खडकसमूह आहे. ओडिशातील तालचेर येथे तो प्रथम अभ्यासला गेला, म्हणून हे नाव. त्याचे वय सुमारे ३० कोटी वर्षे. त्यातील हिरवट वालुकाश्मात फेल्डस्पारचे कण न कुजता टिकलेले दिसतात. म्हणजे ही वाळू साचली तेव्हा येथील हवा कोकणासारखी नव्हती. मात्र केवळ यावरून हिमयुग सिद्ध होत नाही, कारण कोरड्या हवेतही फेल्डस्पार टिकते. निष्कर्षाची घाई करू नये.

दुसरा पुरावा वालुकाश्माच्या सोबतीने आढळणाऱ्या दगडगोट्यांच्या थरात आहे. नदी आपला माल निवडून टाकते: जड गोटे आधी, वाळू नंतर, गाळ शेवटी. बर्फ असा भेद करीत नाही. या थरात माणसाएवढे धोंडे आणि बारीक चिखल एकत्र कालवलेले आहेत, आणि काही गोट्यांच्या घासून सपाट झालेल्या बाजूंवर ओरखडे आहेत. हिमनदीने ओढत आणलेल्या अशा राशीला मराठीत ‘हिमोढ’ म्हणतात. शब्द मोठा अर्थवाही आहे.

तरीही शंका होती. १८५६ मध्ये तालचेरच्या गोट्यांचे वर्णन करताना ब्लॅनफर्ड बंधूंनी बर्फाचे नाव घेतले, तेव्हा उष्ण कटिबंधात बर्फ कसा, हा प्रश्न स्वाभाविकच होता. १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ओल्डहॅम आणि फेडन यांना चंद्रपूरजवळ, इरई येथे, या थराखालचा चुनखडकच गुळगुळीत घासलेला आणि समांतर रेषांनी कोरलेला आढळला. तळात दगड रुतलेला बर्फ सरकत गेल्याची ही खूण होती.

मग वालुकाश्म कोठून आला? बर्फ वितळला की त्याच्या कडेपासून अनेक फाट्यांचे प्रवाह निघतात. दुपारी ऊन चढले की ते फुगतात, रात्री ओसरतात. उन्हाळ्यात भरून वाहतात, हिवाळ्यात जवळजवळ थांबतात. म्हणून खडी आणि वाळू यांचे थर एकाआड एक साचतात, त्यांत वाळूचे तिरपे पदर तयार होतात, आणि त्या पदरांच्या उतारावरून प्रवाहाची दिशा काढता येते. हे पाणी पुढे तळ्यात पोहोचले की बारीक गाळ संथपणे बसतो. तरंगत्या हिमखंडातून एखादा गोटा सुटून त्या गाळात पडला, तर त्याच्याखालचे पापुद्रे वाकलेले दिसतात.

त्या काळी भारत दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. दक्षिण आफ्रिकेतही त्याच सुमाराचे हिमोढ आहेत. खंड सरकतात हे मांडताना वेगेनर यांनी या साम्याचा आधार घेतला.

आता पुन्हा सिंधुदुर्गात. वैभववाडीपासून जवळच, कासार्डे परिसरात सिलिका वाळू देणारा खडकही वालुकाश्मच आहे, आणि तो तालचीरहून कितीतरी जुना आहे. पण त्यात फेल्डस्पार जवळजवळ नाही. पाण्याने पुन्हापुन्हा घोळवलेले गारेचे कण तेवढे उरले आहेत.