गांधीजींमुळे पंचरंगी क्रिकेट बंद पडलं का?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य आहे : "गांधीजींनी विरोध केला आणि मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा बंद पडली." गाईड पहिला प्रश्न विचारणार, "तारखा तपासल्यास का?" चला, आपणच तपासू.

स्पर्धा काय होती? यात संघ धर्मावरून पडत. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे चार संघ होते. १९३७ मध्ये 'रेस्ट' हा पाचवा संघ आला. विजय हजारे ख्रिश्चन, त्यामुळे ते 'रेस्ट'कडून खेळत.

गांधीजी काय म्हणाले? डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी त्यांना वर्ध्याला भेटले. तेव्हा वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता, कार्यकर्ते तुरुंगात होते. अशा काळात हे सामने त्यांना पटत नव्हते. शिवाय कॉलेज किंवा संस्थांमधले सामने समजू शकतात, पण धर्माच्या नावाने संघ कशाला, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे आक्षेप क्रिकेटवर नव्हता, विभागणीवर होता. इथेच अनेकांची गल्लत होते.

परिणाम काय झाला? त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुरावा भक्कम वाटतो ना? पण पुढच्याच वर्षी संघ परत आला. १९४२ मध्ये, 'छोडो भारत'च्या धामधुमीत, स्पर्धा झाली नाही. १९४३ मध्ये पुन्हा भरली. अंतिम सामन्यात 'रेस्ट'च्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या! शेवटची स्पर्धा झाली १९४५-४६ च्या हंगामात.

कारण आणि परिणाम यांच्यात पाच वर्षांचं अंतर. फक्त गांधीजींचा शब्द पुरेसा असता, तर १९४१ ला हिंदू संघ परतायला नको होता. म्हणजे 'पुरेसं कारण' हा दावा इथेच पडतो. मधल्या काळातले बाकीचे घटकही मोजायला हवेत : सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने घेतलेली विरोधी भूमिका, १९३४ पासून प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा हा तयार पर्याय, आणि फाळणीआधीचं तापलेलं वातावरण.

मग गांधीजींचा काहीच वाटा नाही? तसंही नाही. आधीपासून विरोध करणाऱ्यांना त्यांच्या शब्दाने मोठं नैतिक बळ दिलं. पण 'बळ दिलं' आणि 'बंद पाडलं' हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दोन्हींना लागणारा पुरावाही वेगळा.

म्हणून प्रश्न असा बदला : "गांधीजींच्या भूमिकेनंतर कोणाचं वागणं बदललं, आणि किती काळ?" याचं उत्तर जिमखान्याचे ठराव, त्या वेळची वर्तमानपत्रं आणि संघांच्या याद्या यांत शोधता येतं.

आता तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक 'मुळे' असलेलं वाक्य काढा आणि त्याखाली तारखा ओळीने लिहा. दावा टिकतोय का बघा. व्हायव्हाच्या आधी हे कळलेलं बरं.