मोबाइल कुणाच्या कामाचा?

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर नवे ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप धड चालत नव्हते, शिवाय माहिती इंग्रजीत भरावी लागे. मराठीची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. सेविकांना नोंदी ठेवण्याचाच कंटाळा, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे होते. गडचिरोलीचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन, ताप, श्वास, दूध ओढण्याची ताकद, सगळे त्या लिहून ठेवत. धोक्याची लक्षणे जुळली की उपचार घरातच सुरू होत. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. बाळे वाचली ती उपचारांनी. पण उपचार कधी करायचे हे नोंदीवरून ठरे, आणि जी लिही तीच ते ठरवी.

२०११पासून घरोघरी नवजात बाळ तपासण्याचे काम देशभरातल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तींकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. एका आशाकडे साधारण हजार लोकवस्ती. कुणाचा आज तिसरा दिवस, कुणाचा उद्या चौदावा, हे ध्यानात ठेवायचे कसे?

गुजरातेत झगडियाच्या ‘सेवा रुरल’ने यावर ‘इमटेको’ हे अ‍ॅप काढले. आज कोणत्या घरी जायचे याची यादी ते आशाला देते आणि तपासताना काय पाहायचे ते सांगते. गुंतागुंत आढळली तर प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळते. भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांच्या आदिवासी भागात २२ केंद्रांवर त्याची चाचणी झाली. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात किमान दोन गृहभेटी मिळालेल्या बाळांचे प्रमाण अ‍ॅप असलेल्या भागात सुमारे ३२ टक्के, नसलेल्या भागात सुमारे २३ टक्के निघाले. फरक खरा आहे. तरी अ‍ॅप असूनही दोन-तृतीयांश बाळांना या दोन भेटी मिळाल्या नाहीत. मनुष्यबळ, मोबदला आणि रस्ता यांची उणीव सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

‘पोषण ट्रॅकर’वर आता घरपोच आहार देण्यापूर्वी लाभार्थीचा चेहराही पडताळावा लागतो, जुलै २०२५पासून ते सक्तीचे झाले. यातून वरच्या कार्यालयाला हिशेब मिळतो. पण रेंज नसलेल्या पाड्यावर ताटकळतात त्या सेविका आणि ओली बाळंतीण.

म्हणून नवे अ‍ॅप येताना त्यामुळे कोणते रजिस्टर कायमचे बंद होणार, हे आधी जाहीर व्हावे. रेंज नसतानाही अ‍ॅप चालावे, मराठीत असावे. आणि सेविकेने आज भरलेल्या माहितीतून उद्याच्या तिच्या कामाला काय मिळाले, हे तिलाच विचारून मग अ‍ॅपच्या निधीचा पुढचा हप्ता मंजूर व्हावा.