जुन्या मालकाचा वाईट शेरा आणि आपली तब्येत

घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर, राजुरा, कोरपना, इकडे वडसा, चामोर्शी, एटापल्ली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खाण, सिमेंट, कागद, वीज आणि लोखंडाच्या कामावर वस्त्यांतली हजारो माणसे जातात. त्यातली बरीच ठेकेदाराच्या हजेरीवर. ठेका संपला की काम संपते. नवीन गेटवर पहिला प्रश्न येतो, "याआधी कुठे होतास?" मग जुन्या ठेकेदाराला किंवा सुपरवायझरला फोन जातो. तिकडून उत्तर येते, "माणूस बरा नाही", "सुट्ट्या फार मारतो", "युनियनबाजी करतो". कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींचेही असेच. एका घरातले काम सुटले की चार घरांत शब्द पोहोचतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय का, असे कुणी विचारील. कारण हा शब्द कामावर आदळतो आणि अंगावर निघतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात आग होते, बीपी वाढतो. खर्ऱ्याच्या पुड्या दोनाच्या सहा होतात. दारू असेल तर तीही वाढते. घरात चिडचिड होते आणि लेकरे गप्प होतात. या भीतीचे मूळ एकच, आपल्याबद्दल पाठीमागे काय बोलले जाते ते आपल्याला माहीत नसते. म्हणून इलाजही तिथूनच सुरू होतो.

आधी शेरा नेमका काय, ते कळू द्या

नव्या ठिकाणच्या साहेबाला शांतपणे विचारा, "माझ्याबद्दल काही तक्रार आली असेल तर सांगा, मला माझी बाजू मांडायची आहे." सांगतीलच असे नाही. पण विचारणारा माणूस लपवणारा वाटत नाही. कामावर रुजू झाल्यानंतर शेरा आला असेल तर आरोप लेखी मागा, उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. जुन्या गेटवर जाऊन भांडण करू नका. मोबाईलच्या ग्रुपवर शिवीगाळ टाकू नका. तीच पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होते.

शेरा कळला की तो खरा, अर्धा खरा की खोटा, हे स्वतःशी ठरवा. तिघांचे उत्तर वेगळे आहे.

खरा असेल तर तो दोन वाक्यांत मान्य करा आणि काय बदलले ते सांगा. "तेव्हा दारूमुळे खाडे झाले. आता उपचार घेतो आहे, आठ महिने झाले." लांबण लावू नका. जुन्या मालकाची निंदाही करू नका.

"सुट्ट्या फार" हा शेरा बहुतेक वेळा अर्धा खरा असतो

आपल्या भागात याचे कारण पुष्कळदा आजारपण असते. गडचिरोलीत हिवताप आहे. सिकलसेल आपल्या समाजातही आहे आणि आदिवासी बांधवांतही आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ऊन, थंडी, अतिश्रम किंवा पाणी कमी पडणे यामुळे असह्य वेदना होऊ शकतात. तो तीन-चार दिवस उठू शकत नाही. मुन्शी हजेरी पटावर फक्त "गैरहजर" लिहितो.

यावर उपाय कागदाचा आहे. प्रत्येक आजारपणाची केसपेपरची चिठ्ठी, भरती झाल्यास डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचा अहवाल जपून ठेवा. रजेचा अर्ज दुसऱ्याच्या हाती का होईना, पण द्या. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे अहवालावरून समजून घ्या. वाहक माणूस साधारणपणे इतरांसारखेच काम करतो. त्याला कुणी "रोगी" म्हणून गेटवरून परत पाठवू नये. रुग्णासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढता येते. नवीन कंपनीच्या डॉक्टरपासून आजार लपवू नका. भट्टीजवळच्या किंवा उन्हातल्या कामाऐवजी दुसरे काम मागायला त्याचाच आधार होतो. सुपरवायझरला आणि सोबत्यांना आजाराचे नाव सांगत बसायची गरज नाही.

खाणीत काम केले असेल तर नोकरीच्या सुरुवातीला आणि पुढे पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते. तिच्या अहवालाची प्रत सोडताना मागून घ्या. छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी पुढे धुळीचा किंवा आवाजाचा आजार निघाला तर कामी येते.

खोट्या शेऱ्याला नोंदीने उत्तर

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबरच्या तोंडून नोकरी मिळे आणि त्याच्याच तोंडून जाई. त्याची मर्जी राखायला मजूर पैसे देत. १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आणली, तेव्हा जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात सरकारी सेवायोजन कार्यालये उभी राहू लागली. नोकरी मुकादमाच्या मेहरबानीवर राहू नये, त्यासाठी नोंद हवी. आपल्यालाही हेच करायचे आहे. आपली वर्षे दुसऱ्याच्या तोंडात राहू न देता स्वतःच्या पिशवीत ठेवायची.

पिशवीत काय असावे?

पहिले, पीएफचा १२ अंकी यूएएन आणि पासबुक. कोणत्या कंपनीत किंवा ठेकेदाराकडे किती महिने पैसे भरले, ते यात दिसते. जुना मालक नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर ती स्वतः टाकता येते. यूएएन एकच असल्यामुळे जुनी नोकरी नव्या मालकाला दिसू शकते. म्हणून ती लपवू नका आणि खोटा अनुभवाचा दाखला तर कधीच आणू नका. मिळालेली नोकरी त्यानेच जाते.

दुसरे, अनुभवाचा दाखला. ठेकेदाराने मजुराला मागितल्यावर अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. नेमणूक पत्र देण्याचीही आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याच दिवशी लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब व्हायला हवा. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

तिसरे, पगार पावत्या, गेट पास, ट्रेनिंगचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक. चौथे, तुमचे काम पाहिलेला एक फोरमन किंवा इंजिनिअर. त्याला आधी विचारून त्याचा नंबर द्या. मुलाखतीत एवढे बोलणे पुरे, "साहेब, तिथे ओव्हरटाइमच्या पैशावरून सुपरवायझरशी पटले नाही. तीन वर्षांची हजेरी आणि पीएफ समोर आहे. कामाबद्दल या फोरमनसाहेबांना विचारा." घरकाम करणाऱ्या भगिनींनी काम सोडताना चांगल्या घरच्या बाईंकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात.

तरीही कुणी अडवत असेल तर

मालकाने प्रामाणिकपणे खरे मत दिले तर तो गुन्हा नाही. जाणूनबुजून खोटे सांगून नाव खराब केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे ती बदनामी होऊ शकते. जातीवरून आर्थिक बहिष्कार टाकणे अट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. पण कोर्टाआधी कामगार कार्यालय. खाण कामगाराने केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जावे, दुकान-हॉटेल व बहुतेक कारखान्यांच्या कामगाराने राज्याच्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कामगारांना मोफत वकील मिळतो. त्याचा नंबर १५१०० आहे.

आणि तब्येत? दोन आठवडे झोप उडाली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासा आणि मनातले डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येते. कुणी "जगून काय करू" म्हणत असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच फोन लावा. घरच्यांनी "तुझ्यातच खोट असेल" हे वाक्य टाळावे. बाहेरचा शेरा तो सोसतो आहेच.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा ही पिशवी सोबत आणा. शिकलेल्या मुला-मुलींनी मोठ्यांचे पीएफ पासबुक मोबाईलवर काढून द्यावे आणि अनुभवाच्या दाखल्याचा अर्ज लिहून द्यावा. पुढच्या गेटवर जाताना आपल्या मायबापांच्या हातात कागद असेल.