केशराच्या खोलीचं पहिलं अवजार: स्वतंत्र डीबी

घरातल्या खोलीत काश्मिरी केशर पिकवल्याच्या बातम्या वाचकांनी एव्हाना पुष्कळ वाचल्या आहेत. पुण्यात कंटेनरमध्ये, आणखी कुठे गच्चीवरच्या खोलीत जांभळी फुलं उमलल्याचे फोटो पाहून अनेकांनी यंदाही कंद मागवले आहेत. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, त्याचा भाव किती, नफा किती, हे सगळं छापून झालं आहे. त्या फोटोंत रॅक दिसतात, ट्रे दिसतात, गुलाबी प्रकाश दिसतो. भिंतीवरचा डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी, मात्र क्वचितच दिसतो. माझ्या मते या शेतीचं यश आणि घराची सुरक्षितता तिथेच ठरते.

केशराचं वेळापत्रक महाराष्ट्राच्या हवामानाशी नेमकं उलटं जातं. उन्हाळ्यात कंदाच्या आत फूल घडत असतं, तेव्हा त्याला २३ ते २७ अंश सेल्सिअस चालतं. पण फूल बाहेर यायला १५ ते १७ अंश लागतात आणि ती वेळ ऑक्टोबरची. त्या दिवसांत काश्मिरातल्या पांपोरच्या शेतांत रात्री कडाक्याची थंडी असते आणि आपल्याकडे ऑक्टोबर हीट. बाहेर तिशीच्या वर पारा असताना खोली १६ अंशांवर धरायची आणि तीही चोवीस तास, आठवडेच्या आठवडे. घरगुती स्प्लिट एसीची खालची मर्यादाच बहुधा १६ अंश असते. म्हणजे यंत्र सतत स्वतःच्या टोकाशी चालतं. भिंती-छताला इन्सुलेशन नसेल, तर ते टोकही गाठता येत नाही.

फुलं येईपर्यंत कंद स्वतःच्या साठ्यावर जगतो; माती लागत नाही, प्रकाशही फारसा नाही. फुलं खुडून झाली की पानं वाढतात, नवे कंद धरतात आणि मग रोज दहा-बारा तास दिवे लागतात. इथे हिशेब बदलतो. एलईडी ‘थंड’ असतो हा समज या खोलीत महागात पडतो. बंद खोलीत शिरलेली वीज शेवटी उष्णताच होते. जो भाग प्रकाश होतो, तोही पानांत आणि भिंतींत मुरून उष्णताच बनतो. प्रकाशसंश्लेषणात अडकणारा वाटा नगण्य. १०० वॅटचे २० दिवे म्हणजे दोन किलोवॅट. पंखे आणि डीह्युमिडिफायर मिळून अर्धा किलोवॅट धरू. एक टन एसी म्हणजे ताशी साडेतीन किलोवॅट-तास उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. म्हणजे फक्त उपकरणांच्या उष्णतेसाठीच पाऊण टन खर्ची पडला. वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, दाराची उघडझाप आणि पानांतून हवेत गेलेलं पाणी यांचा हिशेब निराळा. ‘शंभर चौरस फुटाला एक टन’ हा दुकानातला ठोकताळा माणसांच्या बेडरूमसाठी आहे.

आता विजेकडे येऊ. दिवे, पंखे आणि दोन टनांचा एसी मिळून साडेचार किलोवॅट धरले, तर २३० व्होल्टला जवळपास २० अँपिअर होतात. गीझरसुद्धा तीन किलोवॅटचा असतो, मग यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष आहे ते वेळेत. गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि वायर निवते. घराचं वायरिंग मुळात याच गृहीतावर केलेलं असतं की सगळं एकाच वेळी चालणार नाही आणि चाललं तरी फार वेळ नाही. पिकाच्या खोलीत सगळं एकदम चालतं आणि बारा-बारा तास चालतं. अमेरिकी विद्युत संहितेत तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या भाराला सतत भार म्हणतात आणि त्यासाठी सव्वापट क्षमता धरायला सांगतात. तो नियम आपल्यालाही शहाणपणाचा आहे. २० अँपिअरला २५ धरा, खोलीच्या स्वतंत्र डीबीला, म्हणजे सब-डीबीला, ३२ अँपिअरचा फीडर द्या. त्यामागे ४ चौरस मिलिमीटरची वायर चालणार नाही. तांब्याची ६, आणि अंतर लांब असेल किंवा पाइपात वायरींची गर्दी असेल तर १०. ही वायर थेट मेन डीबीतून आली पाहिजे, हॉलच्या सॉकेटमधून नाही.

एमसीबी आहे म्हणजे सगळं सुरक्षित, असं अनेकजण धरून चालतात. एमसीबी वायरीला जादा प्रवाहापासून वाचवतो, पण सैल स्क्रू त्याला दिसत नाही. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळलेला नसेल, तर २० अँपिअरचाच प्रवाह त्या जोडावर उष्णता निर्माण करतो. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी शांत असतो आणि इकडे इन्सुलेशन करपत जातं. म्हणून लग लावून, योग्य जोर लावून आवळणी आणि महिन्याभराने पुन्हा तपासणी. पूर्ण भार चालू असताना परवानाधारक माणसाकडून थर्मल कॅमेऱ्याने डीबी पाहून घेतला, तर तापलेला जोड लगेच सापडतो.

आणि एमसीबी माणसाला वाचवत नाही. ते काम आरसीसीबीचं. इथे चार्ल्स डाल्झिएल यांची आठवण काढायलाच हवी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन, प्रवाह थोडा थोडा वाढवत, माणूस कुठवर स्वतःहून तार सोडू शकतो हे मोजलं. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. म्हणजे एमसीबी ज्या प्रवाहाची दखलही घेत नाही, त्याच्या हजाराव्या हिश्शाने माणूस तारेला चिकटतो. या अभ्यासातूनच त्यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण घडवलं. आपल्याकडचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हेच काम करतो. ओल्या फरशीवर, पाण्याचा पंप आणि धातूचे रॅक हाताळणाऱ्या माणसासाठी तो ऐच्छिक असूच शकत नाही.

तरी तो काढून टाकला जातो, कारण ‘सारखा पडतो’. त्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. प्रत्येक एलईडी ड्रायव्हर अगदी थोडी वीज अर्थिंगकडे सोडतो. वीस ड्रायव्हर एकाच आरसीसीबीवर टाकले की ती गळती साठते आणि आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. उपाय म्हणजे विभागणी: दिव्यांच्या दोन रांगांना दोन आरसीसीबी, पंप आणि सॉकेटला तिसरा, एसीला वेगळा.

दुसरं कारण गंभीर आहे. सब-डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात. न्यूट्रलला जमिनीशी जोडण्याची जागा वीज कंपनीच्या रोहित्रापाशी. ग्राहकाच्या डीबीत नाही. इथे ते जोडले, तर परतीचा प्रवाह अर्थिंगमधून वाहतो आणि आरसीसीबी पडत राहतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर एसीच्या आणि रॅकच्या धातूवर थेट वीज उतरू शकते. म्हणून सब-डीबीत न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी आणि प्रत्येक आरसीसीबीमागचा न्यूट्रलही त्याचा त्याचा.

डीबी खोलीबाहेर बसवावा. आत ८० टक्के आर्द्रता असते, टर्मिनल गंजतात. बाहेरची दमट हवा पाइपातून थंड खोलीकडे सरकते, पाइपातच पाणी धरते आणि ते दिव्याच्या जोडात ठिबकतं. पाइपाचं तोंड सीलंटने बंद केलं की हा धोका टळतो. लाइट जाऊन आली की सगळा भार एकदम उचलला जाऊ नये, यासाठी एसी आणि दिव्यांना वेगवेगळ्या वेळेचे टायमर हवेत.

हे सगळं आयएस ७३२ आणि आयएस ३०४३ या भारतीय मानकांच्या चौकटीतच आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम, त्याचा टेस्ट रिपोर्ट आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणं, ही वाट ठरलेली आहे. टिश्यू कल्चर, हरितगृह, अळिंबी यांच्यासाठी वेगळा दरगटही आहे. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवण्यापेक्षा त्याची चौकशी करणं हिताचं.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात कंद आणि रॅक विकणाऱ्यांनी हा विषय वगळू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. ज्याला वायरची जाडी आणि टनेज सांगता येत नाही, त्याने लोकांना घरात शेती करायला शिकवू नये. नवोदितांनीही खर्चाचा क्रम बदलावा: आधी भाराचा हिशेब, मग मंजूर भार, सब-डीबी आणि इन्सुलेशन, त्यानंतर एसी. कंदांचे पैसे सगळ्यात शेवटी द्यावेत. या क्रमात पैसे पुरले नाहीत, तर यंदा केशर करू नये. पुढच्या वर्षी करावं.