बारा व्होल्ट दिसतात, करंट कुठाय?

सकाळी ८.३०

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ सुरू झाले की आमचंही शटर वर जातं. पोरगा झाडू मारेपर्यंत मी टेस्ट लॅम्पच्या वायरी तपासून घेतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी, एवढंच हत्यार. मल्टीमीटर आहे, चांगला आहे, पण गाडीत ‘करंट येत नाही’ अशी तक्रार असली की आधी बल्बच लावायचा. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. दहा तारांपैकी नऊ तुटून एक धाग्यासारखी उरली असेल तरी त्यावर १२.४ दिसतं आणि नवशिका म्हणतो, सप्लाय ओके आहे. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तेवढं ओझं आलं की ती एकटी तार उघडी पडते. नवीन गाड्यांत मात्र हा बल्ब कुठेही टोचायचा नाही. कॉम्प्युटरला जाणाऱ्या वायरींवर फक्त मीटर. आणि पिवळ्या स्लीवमधल्या एअरबॅगच्या वायरींना दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही, हे पोराला पहिल्या दिवशीच बजावलंय.

९.१५

टुरिस्ट गाडीवाले मामा. चार्जर चालत नाही, रात्रीत मोबाइल बंद पडला, पॅसेंजर शिव्या घालत होता. स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडला. लाइटर सॉकेटचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडालेला, आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

“हे कुणी केलं, मामा?”

“गगनबावड्याला एका पोरानं. तात्पुरतं म्हणाला.”

फ्यूज उडतो तो काहीतरी वाचवायला. चांदी गुंडाळली की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती जाते डॅशबोर्डच्या आत, जिथं आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सॉकेटमध्ये बॅटरी मारली तर तळाशी एक रुपयाचं नाणं. मधली टिकली पॉझिटिव्ह, कडेची वाटी अर्थ, नाणं बरोबर दोघांच्या मध्ये. टोलनाक्यावर सुटे पैसे ठेवायला तीच जागा सापडते सगळ्यांना. किल्ली काढून, चिमट्याला टेप गुंडाळून नाणं काढलं, नवा निळा फ्यूज बसवला. नाणं मामांनी खिशात टाकलं.

१०.३०

आज सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका सरांच्या गाडीनं. म्युझिक सिस्टीम मध्येच बंद पडते, पुन्हा आपोआप सुरू होते. तिघांनी बघून झालंय. एकानं सेट बदलायला सांगितलं, सरांनी बदललाही. नवा सेटही तेच करतो. सेट, फ्यूज, बॅटरी असं एकेक बदलत गेलं की कधीतरी बिघाड सापडतोच, पण तोवर गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो. मी सुटा भाग हातात घेण्याआधी माणसाला बोलतं करतो.

“कधी बंद पडतो, सर?”

“उन्हाळ्यात जास्त व्हायचं. आता काच धुकटते तेव्हा होतं.”

उन्हाळ्यात एसी, पावसात काचेवरचं धुकं. दोन्ही वेळा माणूस पंखा फुल करतो. मग विचारलं, पंखा पूर्वीइतका वारा देतो का? नाही म्हणाले, फिल्टर घाण झाला असेल. इथंच माझं लक्ष सेटवरून उडालं. दोन वेगळ्या वस्तू एकाच वेळी आजारी पडतात तेव्हा त्यांच्या सामाईक रस्त्यावर बघायचं.

इंजिन चालू, पंखा बंद: सेटच्या कपलरवर १३.६. पंखा चारवर नेला: १०.४, आणि सेट गेला. बॅटरीवर त्याच क्षणी १३.७. म्हणजे मधल्या मध्ये ३.३ व्होल्ट कुणीतरी खातंय. कोण, हे शोधायला वायरिंग उसवावी लागत नाही. मीटरची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी सेटच्या पॉझिटिव्हला: ०.१. त्या बाजूला काही नाही. मग एक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सेटच्या काळ्या वायरीला: ३.२. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.१ च्या आसपास हवा. करंट येतोय नीट, परत जाताना अडतोय. बिघाड शोधणारे लाल वायरीच्या मागे धावतात. काळी वायर बिचारी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

डाव्या बाजूचं पायाजवळचं प्लास्टिक काढलं. तिथं एकाच बोल्टवर पंख्याचा आणि सेटचा अर्थ एकत्र येतो. बोल्ट घट्टच होता. खाली मात्र पत्र्यावर चकाचक रंग.

“गाडी कुठं ठोकली होती का?”

दिवाळीच्या आधी डावीकडून कुणीतरी घासून गेलं होतं, डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. पेंटरनं काम सुरेख केलंय, रंगात फरक ओळखू येत नाही. फक्त बोल्टची जागा न झाकता फवारा मारला आणि वायरीचा लग रंगावरच कसला. रंग म्हणजे इन्सुलेशन. आट्यांमधून जेवढं लोखंडाला लोखंड लागलं तेवढ्यावर आजवर भागलं. सेट एकटा असला की करंट थोडा, चालून जातं. पंखा फुल केला की क्लॅम्प मीटरवर १२ अँपिअर. बाराला ३.२ नं गुणा: ३८ वॉट. माझं सोल्डरिंग आयर्न ३५ वॉटचं आहे. तेवढी उष्णता त्या बोल्टभोवती रोज निघत होती आणि लगच्या कडेचा रंग तपकिरी पडला होता.

पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, लग घासला, दातेरी वॉशर घातला, कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली म्हणजे पुन्हा गंज नको. पंखा चारवर, मीटरवर ०.०४. वाऱ्यानं सरांच्या डॅशबोर्डवरची पावती उडाली.

पैशांची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, “एक बोल्ट घासायचे एवढे?” पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी सरांना विचारलं, जुना सेट कितीला विकला? मग त्यांनी मुकाट्यानं फोन काढून पैसे पाठवले.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, वांगं. दोन फोन घेतले, दोन्ही ‘सॉकेट गाडी बंद केली की का बंद होतं’ यावर. किल्लीच्या एसीसी खुणेवर चालणारं सॉकेट किल्ली काढली की मरणारच, तो बिघाड नाही. काही गाड्यांत डिक्कीतलं सॉकेट कायम चालू असतं, पुढचं नसतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा चाळा म्हटलं की लोकांना राग येतो.

२.४५

शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सेल्फ मारत नाही. डॅशकॅम नवीन बसवलाय, थेट कायम चालू असणाऱ्या फ्यूजवरून. बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर ओळीत जोडला, दारं लॉक केली आणि बसून राहिलो. लगेच आकडा वाचायचा नाही. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. झोपल्यावर ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवं, इथं साडेचारशे. डॅशकॅमची पिन काढली, चाळीसवर आलं. रोजचे जवळजवळ दहा अँपिअर-अवर एकटा कॅमेरा पितोय आणि बॅटरी ३५ ची, तीही तीन पावसाळे पाहिलेली. एसीसीच्या फ्यूजवर टॅप लावून दिला. रात्रीही रेकॉर्डिंग हवं असेल तर व्होल्टेज उतरलं की तोडणारं किट घ्या म्हटलं. विचार करतो म्हणाले.

४.४५

उंदीर. पावसात हे असतंच. मागच्या वायपरची वायर कुरतडली होती. सोल्डर, स्लीव, टेप, अर्ध्या तासात गाडी बाहेर.

६.१५

कॉलेजचा मुलगा, हातात फॉग लॅम्पचा जोड. “दादा, डायरेक्ट स्विचवर द्या, रिले नको, पैसे वाचतील.” ५५ वॉटचे दोन म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, आणि त्यानं आणलेला स्विच खेळण्यातला. महिन्याभरात स्विच वितळणार आणि लाइट मंद झाले म्हणून हाच परत येणार. रिलेचा तळ त्याला दाखवला. ८५ आणि ८६ वर स्विचचा चिमूटभर करंट, ३० ला बॅटरीतून फ्यूज लावून आलेली जाड वायर, ८७ वरून लाइटला. बसवू तर असंच, नाहीतर दुसरीकडं जा. थोडा रुसला, पण रिले आणायला स्वतःच पळाला.

८.२०

शटर अर्धं खाली असताना सकाळच्या मामांचा फोन, आंबोलीतून. सॉकेट पुन्हा बंद.

“नाणं?”

“न्हाय, बघितलं. पॅसेंजरनं हवा भरायचा पंप लावला होता.”

“पंपावर किती अँपिअर लिहिलंय?”

बराच वेळ खुडबुड. मग म्हणाले, वीस.

“पंप काढून डिक्कीत टाका. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत जादा फ्यूज अडकवलेले असतात. निळाच घ्या, पिवळा घेऊ नका.”

“पिवळा मोठा आहे, तो उडणार न्हाय.”

“म्हणूनच नको म्हणतोय. वायर तेवढी जाड नाही. हवा पेट्रोल पंपावर भरून घ्या.”

मागून पॅसेंजरचा आवाज, अजून किती वेळ. मामा म्हणाले, लागला चार्जर, आणि फोन कट.