परमुलखातला जलसा आणि एकटा श्रोता

गाणे ऐकायला एकट्याने जाणे आपल्याकडे थोडे विचित्रच समजले जाते. नाटकाला एकटा आलेला गृहस्थ खपून जातो. गाण्याला मात्र शेजारी कोणीतरी लागते. समेवर त्याच्याकडे पाहून मान हलवायची असते, मध्यंतरात चहा घेताना ‘काय जागा घेतली!’ असे कोणाला तरी सांगायचे असते. आपल्या दाद देण्याच्या रीतीतच दुसरा माणूस गृहीत धरलेला आहे. त्यामुळे कामासाठी, शिक्षणासाठी किंवा मुलाकडे चार महिने राहण्यासाठी परदेशी गेलेला अंबरनाथकर तेथील पॉप संगीताच्या जलशाची जाहिरात पाहतो, जावेसे त्याला वाटते, आणि ‘एकट्याने काय जायचे’ म्हणून तो खोलीवर परततो. यात थोडी भीड असते आणि थोडी भीती. दोन्ही निरनिराळ्या तपासून पाहाव्यात. भीड सोडून द्यावी अशीच आहे. भीतीत मात्र तथ्य आहे.

आधी भीडेचे पाहू. 1974 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकर गायल्या, दिलीपकुमारांनी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा तेथील आपल्या लोकांना परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. इंग्रजी पॉपच्या जलशात आपले कोण, असा प्रश्न पडतो. पण 13 जुलै 1985 रोजी वेम्ब्लीच्या जुन्या मैदानावर, ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात, सुमारे 72 हजार लोकांकडून एका तालात टाळ्या वाजवून घेणारा फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. शाळेतल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. म्हणजे अगदीच परके घर नव्हे!

गंमत अशी की पॉपच्या जलशाचे नाते आपल्या मैफलीपेक्षा भजनाशी जवळचे आहे. गाण्याचे पालुपद पुन्हा पुन्हा येते, ते सर्वांना पाठ असते आणि सर्वांनी म्हणावे म्हणूनच ते रचलेले असते. दिंडीत चालणाऱ्याला ‘तुमच्याबरोबर कोण आले आहे?’ असे कोणी विचारीत नाही. तेथेही विचारीत नाहीत. एकट्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. जोडपी आणि कंपू जागा घेऊन गेल्यावर रांगेत मध्येच एखादी खुर्ची उरते. ती दोघांच्या कामाची नसते, एकट्याला मात्र उत्तम.

आवाजाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ऑगस्ट 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स 55 हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवावयास उभे राहिले, तेव्हा किंकाळ्यांच्या गदारोळात श्रोत्यांना धड ऐकू येईना आणि वाजविणाऱ्यांनाही आपले वादन ऐकू येईना. आज तसे होत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे बसलेल्यास सूर पाव सेकंदाहून अधिक उशिरा पोचतो. म्हणून मैदानात मध्येच मनोरे उभारून त्यांवरील कर्ण्यांतून सूर तितकाच उशिरा सोडतात. ऐकणे सुधारले, पण कानावरचा भार वाढला. 85 डेसिबल आवाजात आठ तास राहणे ही अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने घातलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती निम्म्यावर येते. या हिशेबाने 100 डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात! कानात घालायचे बोळे खिशात असू द्यावेत. लाजू नये, तेथील जाणते श्रोतेही ते वापरतात.

आता भीतीचे. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथील ‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ जलशात दहाजण मरण पावले. पायदळी तुडवले जाऊन नव्हे, तर उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून. चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढे गर्दी गेली की ती पाण्यासारखी वागू लागते: मागचा एक धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि कठड्याशी येऊन थांबतो. श्वास सोडताना छाती आत जाते तेवढी जागा गर्दी व्यापते, आणि पुढचा श्वास घ्यायला ती परत मिळत नाही.

यावर आपला माणूस हसेल. सकाळच्या लोकलमध्ये चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे उभी राहतात असा रेल्वेचाच हिशेब आहे! पण डब्यातली गर्दी दाट असली तरी थोडी असते. तिला भिंती आहेत, धरायला दांड्या आहेत, आणि मागून हजारोंचा रेटा नसतो. रेटा आला की काय होते ते 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर आपण पाहिले. 23 माणसे गेली. तेव्हा लोकलच्या सवयीवर विसंबून मैदानाच्या अगदी पुढच्या कठड्याशी जाऊ नये. एकट्याला तेथे हाताला धरून बाहेर ओढणारे कोणी नसते.

शक्य तर बसण्याची जागा घ्यावी. उभेच राहायचे तर कडेला, बाहेरची वाट दिसेल असे. रेटा जाणवताच हात कोपरात वाकवून छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. लाटेविरुद्ध जोर लावू नये. ती ओसरली की तिरपे कडेकडे सरकावे. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, मग ती कितीही मोलाची असो.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण एकट्याला महत्त्वाच्या. तिकीट, नकाशा आणि परतीचा पत्ता असे सर्व फोनमध्येच असते आणि फोन ऐन वेळी मान टाकतो. म्हणून उतरल्या जागेचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवावा, आणि कोठे जात आहोत, किती वाजता परतू, हे घरी किंवा यजमानांना कळवून निघावे. एकट्या स्त्रीने तर हे करावेच. परतीची गाडी आधी पाहून ठेवावी. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या काही मार्गांवर 2016 साली शुक्रवार-शनिवारच्या रात्रभर गाड्या सुरू झाल्या. वेम्ब्लीला जाणारा ज्युबिली मार्ग त्यांत आहे. इतर दिवशी मात्र आपल्या शेवटच्या कर्जत लोकलसारखेच घड्याळाकडे पाहत उठावे लागते, आणि शेवटची दोन गाणी स्टेशनच्या वाटेवर, मैदानाच्या भिंतीबाहेरून ऐकावी लागतात.